नदीकाठी तंबू ठोकण्याआधी

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटू लागतात. पात्रातले गोटे उघडे पडतात आणि मध्ये मध्ये एखादा डोह तेवढा उरतो. तरीही कोलाडची कुंडलिका आणि कर्जतजवळची पेज भर उन्हाळ्यात वाहत असतात. मुंबई-पुण्याची कुटुंबे नदीकाठच्या मुक्कामासाठी या दोन नद्यांकडे वळतात, त्याचे मोठे कारण हेच. हे पाणी झऱ्यांचे नाही. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी कोकणच्या बाजूला खाली सोडून त्यावर वीज तयार करणारी टाटांची तीन केंद्रे या पट्ट्यात आहेत: खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). वीज निर्माण झाली की ते पाणी अनुक्रमे पाताळगंगा, पेज आणि कुंडलिका या नद्यांना मिळते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच धरणाचे पाणी आज कुंडलिकेत राफ्टिंगच्या नावा तरंगवते.

नदीकाठी मुक्कामाची जागा निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच तंबूंचा किंवा जेवणाचा नसतो. या नदीत पाणी कुठून येते आणि ते कधी वाढते, हा तो प्रश्न. वीजकेंद्राच्या पाण्यावर चालणारी नदी पावसाकडे पाहून वाढत नाही, विजेच्या मागणीकडे पाहून वाढते. कुंडलिकेवर राफ्टिंग सकाळीच होते, कारण पाणी तेव्हा सोडलेले असते. आदल्या संध्याकाळी जिथे मुले गोट्यांवर बसून पाय भिजवत होती, तिथे सकाळी जोरकस धार असू शकते. आकाश निरभ्र आहे, म्हणजे नदी शांत राहील, हा हिशेब इथे चालत नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे अभियांत्रिकीचे चोवीस विद्यार्थी वाहून गेले, ते वरच्या लारजी धरणातून अचानक सुटलेल्या पाण्यात. त्या वेळी तिथे पूर आणणारा पाऊस पडत नव्हता. धरणाखालच्या कोणत्याही नदीवर, मग ती कोकणातली असो किंवा दांडेलीची काळी, पाणी सोडण्याच्या वेळा कोणत्या, ते काठावर कुठपर्यंत चढते आणि भोंगा वाजला तर तो तंबूपर्यंत ऐकू येतो का, हे तीन प्रश्न कॅम्पच्या मालकाला फोनवरच विचारावेत. उत्तर देताना तो चाचरला, तर दुसरी जागा शोधावी. एवढी माहिती नसलेल्या माणसावर मुलांना घेऊन रात्र सोपवणे योग्य नाही.

जिच्यावर धरण नाही, अशी नदी तुलनेने सरळ असते, पण फक्त पावसाळ्याबाहेर. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र आहेत. डोंगरावर सर कोसळली की खालच्या ओढ्याला थोड्या वेळातच लोंढा येतो, आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकते. लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाह वाढल्यावर मधल्या खडकावरून काठाला यायला त्यांना वाटच उरली नव्हती. जून ते सप्टेंबर या काळात नदीपात्रालगत तंबूत मुक्काम करूच नये. मेच्या उत्तरार्धात वळवाचा पाऊस विजांसह येतो, त्यामुळे तो काळही बेभरवशाचा. पाऊस पूर्ण थांबल्यानंतरचा ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हे खरे महिने. तेव्हा नद्यांना पाणी असते, काठ वाळलेले असतात आणि थंडी सोसवणारी असते.

जाहिरातीत ‘नदीकाठचा कॅम्प’ म्हणून येणाऱ्या अनेक जागा प्रत्यक्षात धरणाच्या जलाशयाच्या काठी असतात. पवना आणि प्रवरेवरचे भंडारदरा ही त्यांतली सर्वांत गाजलेली ठिकाणे. इथे वाहत्या धारेचा धोका नसतो, पण पाण्याची कड सतत सरकत असते. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय सिंचनासाठी, पिण्यासाठी पाणी सोडत सोडत उन्हाळ्यापर्यंत खाली जातो आणि मधला पट्टा गाळाचा उरतो. त्याची वरची साय वाळून भेगाळते, खाली मात्र चिखल ओलाच राहतो. त्यात मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो, मग लहान मुलाचे काय होईल ते सांगायला नको. शिवाय जलाशयाचा तळ म्हणजे बुडालेली गावे आणि शेते. बांध, विहिरी आणि जुने नदीपात्र पाण्याखाली तसेच आहे. दोन पावले उथळ आणि तिसरे पाऊल खोल, हे अशा काठावर सहज घडते. मुलांना पाण्यात खेळू द्यायचे असेल, तर जलाशयापेक्षा हिवाळ्यातली छोटी नदी कितीतरी बरी.

जागेवर पोचल्यावर काठ वाचता आला पाहिजे, आणि तो वाचणे अवघड नाही. पुराचे पाणी कुठवर येते, हे नदी स्वतःच लिहून ठेवते. करंज, उंबर, जांभूळ अशा काठच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा आणि प्लास्टिकच्या चिंध्या पाहाव्यात. खडकांवर कुठपर्यंत गाळाचा फिकट पट्टा आहे, ते पाहावे. काठाची माती खालून कापली जाऊन मुळे उघडी पडली आहेत का, तेही पाहावे. कचरा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लटकत असेल, तर पाणी तिथवर आलेले आहे. राज्याचा जलसंपदा विभाग मोठ्या नद्यांना दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. तंबू हे बांधकाम नव्हे, पण तंबूतला माणूस घरातल्या माणसापेक्षा अधिक उघड्यावर असतो. त्यामुळे हा नियम त्याने स्वतःला आधी लावावा. वाळूच्या बेटावर किंवा दोन ओढ्यांच्या संगमाच्या चोचीत तंबू कधीच ठोकू नये. रात्री पाणी वाढले, तर बेटाच्या चारही बाजूंनी वाट बंद होते.

नदीच्या वळणाला दोन स्वभाव असतात. बाहेरच्या बाजूला प्रवाह आदळतो, काठ कापला जातो आणि पाणी खोल होते. आतल्या बाजूला वेग मंदावतो, वाळू-गोटे साचतात आणि उतार हलका राहतो. मुलांसाठी आतली बाजू निवडावी आणि तिथेही पाणी मोठ्या माणसाने आधी स्वतः चालून पाहावे. कोकणात ज्याला कोंड म्हणतात तो खोल डोह वरून हिरवागार आणि निश्चल दिसतो. पोहण्याचा मोह तिथेच सर्वांत जास्त होतो आणि बुडण्याच्या घटनाही अशाच ठिकाणी घडतात. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात, आणि ते पाहण्यासारखेच आहेत. पण पाण्याने भरलेल्या रांजणखळग्याच्या भिंती गुळगुळीत आणि उभ्या असतात. आत पडलेल्याला पकडायला काही मिळत नाही. मुले पाण्यात असताना लाइफ जॅकेट अंगावर हवे, खुंटीला नव्हे. मुलांच्या मापाची जॅकेटे कॅम्पवर आहेत का, हे आधीच विचारावे, कारण मोठ्याचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते.

नद्यांच्या काही पट्ट्यांत सावध राहायला पाण्याखेरीज दुसरेही कारण असते. सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबर परिसरातली कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री या नद्यांत मगरींची वस्ती आहे. दांडेलीच्या काळी नदीतही त्या आहेत. स्थानिक लोक त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, कारण कुठे उतरायचे नाही हे त्यांना ठाऊक असते. बाहेरून आलेल्याला ते कळत नाही. अशा नदीवर मुक्काम करायचाच, तर तंबू पाण्यापासून बराच दूर ठेवावा आणि अंधारात काठावर भांडी घासणे, हातपाय धुणे टाळावे.

तंबूची जागा काठापासून निदान पंचवीस-तीस पावले मागे आणि पाण्यापेक्षा स्पष्टपणे वर असावी. रात्री थंड हवा उतारावरून घसरून नदीच्या खोलगट भागात साचते. त्यामुळे पाण्यालगतच्या तंबूत दव अधिक पडते आणि पहाटे मुले कुडकुडतात. थोड्या उंचीवर तीच रात्र सुखाची जाते. वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे पाहावे. एकट्या उंच झाडाखालीही तंबू नको. मागे दरड किंवा सुटे दगड असलेला कडा असेल, तर समोर कितीही सुंदर देखावा असो, ती जागा सोडावी.

जमिनीवर झोपायचे तर साप-विंचवाचा विचार आलाच. मण्यार रात्री फिरतो आणि अंथरुणाच्या उबेपर्यंत येतो. त्याचा दंश अनेकदा झोपेतच होतो आणि दुखतही नाही. तळाशी जोडलेली जमीन असलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू हे त्यावरचे साधे उत्तर आहे. फक्त वरून ताडपत्री टाकलेला निवारा मुलांसाठी स्वीकारू नये. रायगड आणि रत्नागिरीत लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी जिवावर बेतणारा ठरत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर चित्र बदलले. तरी उपचार वेळेत मिळाले तरच त्याचा फायदा. म्हणून सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, तिथे सर्पदंशाची लस आहे का आणि कॅम्पवर मोबाइलला रेंज येते का, हे विचारणे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. १०८ला फोन लागला, तरी रुग्णवाहिका येईल असा रस्ता हवा. बूट सकाळी झटकून घालायची सवय मुलांना पहिल्या दिवशीच लावावी.

शौचालय आणि पिण्याचे पाणी यांवर कुटुंबाची सहल टिकते किंवा मोडते. शौचालय नदीपासून साठ मीटर तरी दूर हवे आणि त्याचा निचरा नदीकडे नको. तो कुठे जातो हे मालकाला दाखवायला सांगावे. नदीचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी उकळल्याशिवाय मुलांना देऊ नये. कोकणात पावसाळ्यानंतर साचलेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यामुळे पायाला जखम असलेल्या मुलाने तेव्हा अनवाणी फिरू नये. शेकोटी ठरवलेल्या एकाच जागी, तंबूपासून दूर असावी आणि तिच्यासाठी जंगलातली लाकडे तोडलेली नसावीत. पेटलेली शेगडी थंडीसाठी तंबूत आणणे मात्र कुणालाही, कोणत्याही कारणाने परवडणारे नाही. बंद तंबूत कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेतच माणसाला मारतो.

काठावर किती लोक उतरवावेत, यालाही मर्यादा हवी. ऋषिकेश ते कौडियाला या गंगेच्या पट्ट्यात वाळूवर तंबूंची गर्दी इतकी झाली, की २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला तिथल्या कॅम्पिंगवर निर्बंध घालावे लागले. आपल्याकडे पवनेच्या काठी शनिवारी रात्री ध्वनिवर्धक आणि दारूच्या बाटल्यांची जी दाटी होते, ती मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला नकोशीच वाटते. दहा-पंधरा तंबूंची, गावातल्याच माणसांनी चालवलेली जागा बहुधा अधिक शांत असते. पाणी कुठवर चढते हेही तिथल्या माणसांना बालपणापासून ठाऊक असते. शक्यतो मधल्या वारी जावे आणि दुपारी तीनच्या आत पोचावे. काठ, झाडे, उतार, शौचालय आणि वर जाणारी पायवाट उजेडात पाहून घेता येते. जागा पटली नाही, तर अंधार पडण्याआधी सामान उचलून दुसरीकडे जाण्याइतका वेळही हाताशी राहतो.