दाभोळकरांनो, आरोग्य विमा घेताय? आधी ‘झोन’ विचारा

आपल्याकडचं मोठं दुखणं दापोली, डेरवण करत शेवटी मुंबईलाच जातं. म्हणून एजंटला पहिला प्रश्न झोनचा विचारायचा. काही कंपन्या गावं-शहरं अशा झोनमध्ये वाटतात आणि गावच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात, पण मुंबईत उपचार घेतले की बिलाचा ठरावीक टक्का आपल्या खिशातून. यालाच को-पे म्हणतात. स्वस्त पॉलिसीची गोम बहुतेक वेळा इथेच असते.

दुसरी अट रूम रेंटची. समजा विमा 3 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 3,000. तुम्ही 6,000 ची खोली घेतलीत, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका नाही! डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेसुद्धा निम्मंच मंजूर होऊ शकतं. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. माझं मत विचाराल तर हप्ता थोडा जास्त गेला तरी चालेल, रूम रेंटची मर्यादा नसलेलीच पॉलिसी बघा.

वेटिंग पीरियड म्हणजे जुन्या आजारांसाठीची थांबायची मुदत. 2024 च्या नियमांनुसार ती 36 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बीपी, शुगर फॉर्मवर लिहाच. लपवलं की क्लेम अडतो.

आणि हो, पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत नाही पटली तर परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात.