कवटी वाचली, मेंदूचं काय?

1893 साली अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या जोसेफ मेसन रीव्हज या फुटबॉलपटूला डॉक्टरांनी बजावलं, की डोक्यावर आणखी एक लाथ बसली तर वेड लागेल, नाहीतर जीव जाईल. लष्कराशी होणारा मानाचा सामना तोंडावर आला होता आणि रीव्हज घरी बसायला तयार नव्हते. त्यांनी अ‍ॅनापोलिस गावातला एक मोची गाठला आणि त्याच्याकडून मोलस्किनची टोपी शिवून घेतली. ती घालून ते खेळले. पुढे हेच रीव्हज अमेरिकी आरमाराचे अ‍ॅडमिरल झाले. अमेरिकन फुटबॉलमधल्या हेल्मेटचा इतिहास सांगताना बहुतेक सगळे या टोपीपासूनच सुरुवात करतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, प्रत्येक डाव दोन रांगांच्या धडकेने सुरू होतो. चेंडू हलला की समोरासमोर वाकून बसलेले लाइनमन एकमेकांवर तुटून पडतात. आजच्या व्यावसायिक लाइनमनचं वजन सहज 135 किलोच्या वर असतं. आपल्याला क्रिकेटमधलं हेल्मेट ठाऊक आहे. 1962 साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू लागून नरी काँट्रॅक्टर यांची कवटी फुटली, ती गोष्ट आपल्याकडे अजून सांगितली जाते; गावसकरांची डोक्याला चिकटून बसणारी ती पातळ टोपीही आठवते. पण क्रिकेटमध्ये चेंडू डोक्याकडे येतो, तोही क्वचित. इथे डोकं दुसऱ्या डोक्याकडे जातं, आणि एका सामन्यात कितीतरी वेळा.

सुरुवातीच्या काळात हा खेळ इतका रानटी होता, की 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, घोळक्यातली चेंगराचेंगरी कमी झाली. हेल्मेट मात्र बरीच वर्षं चामड्याचंच राहिलं आणि ते घालायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. कॉलेजांनी ते 1939 मध्ये सक्तीचं केलं, व्यावसायिक लीगने 1943 मध्ये. शिकागोच्या जॉन रिडेल यांनी प्लॅस्टिकचं हेल्मेट आणलं तेही 1939 मध्येच. त्यांची खरी करामत आतल्या पट्ट्यांच्या जाळीत होती. डोकं त्या जाळीवर टेकायचं आणि कवचापासून थोडं दूर राहायचं. महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या लोखंडी टोपाखालच्या अस्तरातही हीच पद्धत वापरली गेली. सुरुवातीचं प्लॅस्टिक तडकायचं, म्हणून 1948 मध्ये व्यावसायिक लीगने त्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती उठवली.

मग आलं 1968. त्या एका वर्षात खेळताना झालेल्या इजांनी 36 जण दगावले, त्यातले बहुतेक डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतींनी. तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते हेल्मेट पुरेसं आहे की नाही, हे ठरवणारं कोणतंही माप मात्र नव्हतं. पुढच्या वर्षी नॉक्सी ही मानकं ठरवणारी समिती उभी राहिली आणि डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या व्हॉइट हॉजसन यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. या विद्यापीठाची या विषयातली साधना जुनी. गर्जियन हे मेंदूचे शल्यचिकित्सक आणि लिस्नर हे अभियंते 1939 पासून तिथे कवटी किती धक्क्याला तडकते, हे मोजत होते. दान मिळालेले मृतदेह लिफ्टच्या रिकाम्या बोगद्यातून खाली सोडून त्यांनी ही मोजमापं घेतली. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण मोटारींची सुरक्षाही याच आकड्यांवर उभी राहिली.

1973 मध्ये फुटबॉलच्या हेल्मेटचं पहिलं मानक निघालं. त्याची चाचणी अशी : माणसाच्या डोक्याबरहुकूम एक नकली डोकं घेतात. त्यात मेंदूच्या जागी ग्लिसरीन भरलेलं असतं आणि मधोमध त्वरण मोजणारा संवेदक बसवलेला असतो. त्यावर हेल्मेट चढवून, हनुवटीचा पट्टा आवळून, ते दोन ताणलेल्या तारांच्या आधाराने वर नेतात आणि सोडतात. जास्तीत जास्त उंची 60 इंच, म्हणजे दीड मीटरच्या आसपास. खाली कडक रबरी गादी. समोरून, बाजूने, मागून, डोक्याच्या माथ्यावर असे आपटे दिले जातात. हेल्मेट तापवूनही दिले जातात, कारण गरम झालेलं अस्तर मऊ पडतं. मिलिसेकंदांत उठलेल्या धक्क्यातून एक आकडा काढतात आणि तो ठरलेल्या मर्यादेत बसला की हेल्मेट पास. ही मर्यादा आधी 1500 होती, नंतर 1200 झाली. कॉलेजांनी हे मानक 1978 मध्ये आणि शाळांनी 1980 मध्ये बंधनकारक केलं. 1990 साली खेळातल्या इजेने एकही मृत्यू झाला नाही. 1931 पासून नोंदी ठेवल्या जात होत्या, त्यात असं वर्ष पहिल्यांदाच उजाडलं.

या यशाचं श्रेय एकट्या हेल्मेटला देणं मला पटत नाही, कारण मधल्या काळात हेल्मेटनेच एक नवं संकट उभं केलं होतं. कवच मजबूत झालं, तोंडापुढे जाळी आली, तसे खेळाडू डोकं खाली घालून भाल्यासारखे घुसू लागले. प्रशिक्षकही तसंच शिकवत. फिलाडेल्फियाचे अस्थिशल्यविशारद जोसेफ टॉर्ग यांनी देशभरातल्या मानेच्या दुखापतींची नोंदवही सुरू केली आणि सामन्यांच्या फिल्म पुन्हापुन्हा पाहिल्या. त्यांना दिसलं ते असं, की मानेच्या कण्याला मुळात एक बाक असतो आणि त्या बाकामुळेच तो धक्का पचवतो. डोकं 30 अंश खाली झुकलं की बाक जातो, मणके सरळ रेषेत येतात, आणि माथ्यावर धडक बसताच डोकं थांबतं, धड पुढे येत राहतं आणि मधली मान मोडते. 1976 मध्ये डोक्याने पहिली धडक देण्यावर बंदी आली. त्या वर्षी मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलेले 34 खेळाडू होते. दुसऱ्या वर्षी 18, आणि 1984 मध्ये 5. कवच तेच, खेळायची पद्धत बदलली.

कवटी आणि मान अशी सांभाळली गेली, पण मेंदूचं काय? ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी 1943 मध्येच मांडलं होतं, की मेंदूला खरा धोका डोकं गर्रकन फिरण्याचा. त्यांनी मेंदूच्या जागी जिलेटिन भरून प्रयोग केले होते. खरवसाचं भांडं हिसक्याने फिरवून पाहा : भांडं फिरतं, आतला खरवस मागे राहतो आणि कडेने फाटतो. मेंदूतले धागे असेच ताणले जातात, आणि त्यासाठी कवटीला साधा चराही पडावा लागत नाही. नॉक्सीची चाचणी मात्र सरळ आपटण्याची होती. कारखानदार चाचणीत बसेल तेच बनवणार, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या हेल्मेट कवटीचीच राखण करत राहिलं. डोकं फिरण्याचं त्वरण मोजणारी चाचणी लागू व्हायला 2018 उजाडलं.

तोवर बराच उशीर झाला होता. 2002 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचे माइक वेबस्टर वारले. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला हा मधल्या जागेवरचा लाइनमन शेवटची वर्षं भ्रमिष्टासारखा जगला होता. नायजेरियात जन्मलेले शवविच्छेदनतज्ज्ञ बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू पाहिला तेव्हा तो वरून ठीकठाक दिसत होता. ओमालू यांनी तरीही काचपट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी त्यांना सापडल्या. बॉस्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन मॅकी यांनी 2017 मध्ये व्यावसायिक लीगमधल्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंचा अहवाल दिला. 110 मेंदूंत याच गाठींचा आजार होता. हे मेंदू शंका आलेल्या कुटुंबांनीच दान केलेले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंचं प्रमाण यावरून काढता येत नाही. पण या संशोधनातून पुढे आलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. भोवळ आणणाऱ्या एखाद्या मोठ्या फटक्यापेक्षा वर्षानुवर्षं बसलेले लहान लहान, कुणाच्या लक्षातही न येणारे धक्के जास्त घात करतात. ते बहुतेक सरावात बसतात.

हेल्मेट बनवणारे यानंतर स्वस्थ बसले नाहीत, हेही मान्य करायला हवं. व्हर्जिनिया टेकचे स्टीफन डुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या विद्यापीठाच्या खेळाडूंच्या हेल्मेटांत संवेदक बसवून खरे फटके मोजले आणि 2011 पासून हेल्मेटांना तारे द्यायला सुरुवात केली. नुसतं पास-नापास संपलं, कोणतं हेल्मेट किती बरं हे आईबापांना कळू लागलं. सिअ‍ॅटलच्या व्हिसिस कंपनीने 2017 मध्ये बाहेरून दबणारं हेल्मेट आणलं. त्याच्या दोन थरांमध्ये वाकणारे छोटे खांब होते, म्हणजे तिरका धक्का तिथेच जिरावा. किंमत 1,500 डॉलर. कंपनी दोन-तीन वर्षांतच कर्जात बुडाली आणि दुसऱ्यांच्या हाती गेली, पण कल्पना टिकली. लाइनमनला कपाळावर मार जास्त, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं डोकं मागे जमिनीवर आपटतं, म्हणून आता जागेनुसार वेगळी हेल्मेटं निघतात. 2022 मध्ये व्यावसायिक संघांच्या सराव शिबिरांत काही जागांवरच्या खेळाडूंना हेल्मेटवर मऊ गादीची खोळ घालणं सक्तीचं झालं.

मला मात्र सर्वांत मोलाचं काम वाटतं ते डार्टमथ कॉलेजच्या बडी टीव्हेन्स या प्रशिक्षकाचं. 2010 मध्ये त्यांनी सरावात एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं. लोकांनी वेड्यात काढलं. तिथल्याच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारा, पाडला की पुन्हा उभा राहणारा एक गुबगुबीत पुतळा बनवला आणि मुलं त्याच्यावर झेपा टाकायला शिकली. 2015 मध्ये डार्टमथ आयव्ही लीग या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या संयुक्त विजेत्यांत होतं. पुढच्या वर्षी साऱ्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावात पूर्ण धडक बंद केली आणि किक-ऑफची, म्हणजे लाथेने चेंडू उडवून खेळ सुरू करण्याची, जागा पाच यार्ड पुढे नेली. चेंडू जास्त वेळा सीमेपार जाऊ लागला, दोन संघांनी दुरून धावत येऊन आपटणं घटलं. दर हजार किक-ऑफमागे मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण सुमारे 11 वरून 2 वर आलं.

व्यावसायिक लीगच्या 32 संघांत मिळून सतराशेच्या आसपास खेळाडू आहेत. नवं तंत्र आधी त्यांच्या डोक्यावर चढतं. शाळांतून खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. त्यांची हेल्मेटं हंगाम संपला की दुरुस्तीला जातात, गाद्या बदलून, कवच तपासून, नवा शिक्का घेऊन परत येतात. दहा वर्षं जुनं हेल्मेट दुरुस्तीवाल्यांची संघटना आता स्वीकारत नाही. गरीब शाळेला तारे बघून खरेदी करणं परवडत नाही. सराव बदलायला मात्र पैसे लागत नाहीत. न्यू जर्सीने 2019 मध्ये शाळांच्या हंगामातला पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला 90 मिनिटांवरून 15 मिनिटांवर आणला आणि हंगामाआधीच्या सरावालाही एकूण सहा तासांची मर्यादा घातली. बाकीच्या राज्यांनीही तेवढ्यावर यायला हवं, आणि सर्वांत लहान मुलांच्या संघांपासून सुरुवात करायला हवी.