हार्डविकच्या खिडक्या

जुन्या वाड्यांची डागडुजी हा माझा धंदा. दगडी घर दिसलं की माझी नजर आधी भिंतीच्या जाडीवर जाते, मग खिडक्यांवर. दगडी भिंतीत खिडकी जितकी मोठी, तितकी वरच्या वजनाची डोकेदुखी मोठी. म्हणून इंग्लंडातल्या डर्बीशरचा हार्डविक हॉल पाहताना पहिला प्रश्न पडला : हे उभं कशावर आहे?

समोरून नुसती काच. बांधणारी बाई म्हणजे श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, ऊर्फ बेस. चार लग्नं केली आणि गडगंज झाली. चौथा नवरा 1590 मध्ये वारला. साठी उलटलेल्या बेसनं त्याच वर्षी बांधकाम काढलं आणि 1597 मध्ये ती इथे राहायला आली. आराखडा रॉबर्ट स्माइथसनचा मानतात. तो मूळचा पाथरवट. वाळूचा दगड टेकडीखालच्या खाणीतला, काच बाईंच्या स्वतःच्या भट्टीतली. काच तेव्हा चैनीची वस्तू, त्यामुळे ती दाखवायचीच होती.

खरी मेख धुराड्यांत आहे. त्या थंडीत शेकोटीवाचून भागत नाही आणि शेकोटी आली की धुराडं आलंच. ते बाहेरच्या भिंतीत घेतलं, की तेवढी खिडकीची जागा गेली. इथे बहुतेक धुराडी आतल्या जाड भिंतींत घातली आहेत. घराचा कणाही त्याच. बाहेरची बाजू अशी मोकळी झाली. तिथे दगडाचे उभे-आडवे दांडे आणि त्यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली लहान लहान तावदानं.

मजला चढावा तशी खिडकी उंच होते. तळाशी नोकरचाकर, मध्ये घरची मंडळी, सगळ्यांत वर दरबारी दालनं. मानाच्या पाहुण्यानं जिने चढून वर यायचं! काही खिडक्या मात्र निव्वळ दिखाऊ आहेत, मागे धुराडं. दर्शनी बाजूचा तोल राखण्यासाठी केलेली ही लबाडी मला तरी आवडते. सहा बुरुजांच्या माथ्यावर बाईंच्या नावाची आद्याक्षरं दगडात कोरून उभी केली आहेत, वर मुकुट. ती मात्र जरा अतीच वाटतात.

वरच्या मजल्यावरची दीडशे फुटांहून लांब गॅलरी बायबलमधल्या गिडिअनच्या कथेवरच्या 13 विणलेल्या भित्तिपटांनी मढलेली आहे. उजेडानं लोकरीचे रंग उडतात, म्हणून आता खिडक्यांवर पडदे ओढून ठेवावे लागतात. हे पट दुरुस्त करायला 24 वर्षं लागली. काम 2023 मध्ये संपलं. बेसनं ते घेतले होते जुनेच, सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्या वारसाकडून. त्यांवर हॅटन घराण्याची चिन्हं होती. ती बदलण्याचा खर्च येणार म्हणून तिनं किमतीत पाच पौंड कमी करून घेतले आणि मग जुन्या चिन्हांवर आपली चिन्हं नुसती रंगवलेल्या कापडाची चिकटवून दिली.