सायबर सीमा (भाग ५) : चोर हद्दीबाहेर असेल तर

एरंडोलात चोरी करून कुणी पारोळ्याकडे पळाला, तर पोलीस मागावर जातात, तिथल्या ठाण्याला कळवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते. देशाची सीमा आली की मात्र हे सगळे अडते.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी एक बनावट स्विच उभा केला होता. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे पोहोचायचीच नाही. हा तोतयाच परस्पर ‘द्या पैसे’ म्हणायचा. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, कोल्हापूरसह देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेचे एकूण ९४ कोटी ४२ लाख!

मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तो देश असे आरोप फेटाळतच आला आहे. पण समिती बरोबर असेल, तर ही नुसती चोरी राहते का? एका राष्ट्राने दुसऱ्याच्या सार्वभौमत्वात केलेली ती घुसखोरी नव्हे का?

इथे कायदेपंडितांचेच जमत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये सांगितले की सार्वभौमत्व हे तत्त्व आहे, सायबर हल्ल्याला लागू होणारा स्वतंत्र नियम नव्हे. फ्रान्सने २०१९ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली. ‘टॅलिन मॅन्युअल’ हा तज्ज्ञांचा ग्रंथ फ्रान्सच्या जवळ जातो, पण तो कुणावर बंधनकारक नाही. आपली भूमी अशा कृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये, हा संयुक्त राष्ट्रांतला २०१५ चा संकेतही ऐच्छिकच. मला फ्रान्सचे म्हणणे पटते. दार फोडले नाही म्हणून घरात शिरणे क्षम्य कसे ठरेल? अर्थात, ते पटल्याने पैसे परत येत नाहीत.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० तसा धीट आहे. भारतातला संगणक लक्ष्य असेल, तर परदेशात बसलेल्या परकीयालाही त्याचे कलम ७५ लागू होते. पण त्याला पकडून आणायचे तर त्या देशाची परवानगी हवी, आणि तो देशच संशयित असेल तर ती मागायची कुणाकडे? सायबर गुन्ह्यांच्या तपासात देशांनी एकमेकांना मदत करावी यासाठीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारावर भारताची सही नाही. तो ठरवताना आपल्याला विचारले नव्हते, शिवाय त्यातल्या कलम ३२ मुळे परक्या यंत्रणा आपल्याकडची माहिती परस्पर नेतील ही धास्ती. म्हणजे सार्वभौमत्व जपण्यासाठी आपणही सहकार्याचा एक रस्ता बंद ठेवला आहे. ही धास्ती खोटी नाही, पण तिची किंमत मोजावी लागते, हे सरकारने मोकळेपणाने सांगायला हवे.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कॉसमॉस प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. इथल्या एटीएमवर बनावट कार्डे घेऊन उभी राहिलेली, पैसे काढणारी आणि पोहोचवणारी ही माणसे. तोतया स्विच उभारणारा त्यांत कुणीही नव्हता.