लायझात बांधलेली मोट

म्यानमारमधल्या सशस्त्र वांशिक संघटनांत एकी कधी नव्हतीच, असं आता सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २०१३च्या ऑक्टोबरअखेरीस चीनच्या सीमेवरच्या लायझा गावी, कचिन संघटनेच्या मुख्यालयात, सतरा संघटनांचे पुढारी एकत्र बसले. तोवर सरकार प्रत्येकाला वेगळं गाठत आलं होतं. २०११च्या जूनमध्ये कचिनांशी सतरा वर्षांची शस्त्रसंधी मोडली आणि सहा-सात महिन्यांत करेनांशी नवी झाली! लायझात ठरलं की बोलणी एकाच समितीनं करायची. तिचं नेतृत्व मोन नेते नाय हाँग सार यांच्याकडे आलं.

ही एकी नुसती कागदावर नव्हती. १९ नोव्हेंबर २०१४ रोजी लष्कराचा तोफगोळा लायझाजवळच्या प्रशिक्षण केंद्रावर पडला आणि तेवीस तरुण मेले. ते कचिनांकडे शिकायला आलेले, चिन, तआंग, अराकान अशा मित्रसंघटनांचे होते. त्यानंतरही समिती बोलणी सोडून उठली नाही, याचं मला आजही मोठं कौतुक वाटतं. ३१ मार्च २०१५ला देशव्यापी शस्त्रसंधीचा मसुदा ठरला.

घात झाला तो सह्यांच्या वेळी. कोकांग, तआंग आणि अराकान या तीन संघटनांना करारात घेणार नाही, यावर सरकार अडून बसलं. सगळे नाहीत तर कुणीच नाही, असं कचिनांनी धरलं. १९४९पासून लढणाऱ्या, थायलंडच्या छावण्यांत पिढ्या घालवलेल्या करेनांच्या नेतृत्वानं सही केली. त्यांना फितूर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं; पण सोबत्यांना वगळणारा करार देशव्यापी कसा, हा कचिनांचा प्रश्न रास्तच होता. १५ ऑक्टोबर २०१५ला नेपिडॉत आठच संघटनांनी सह्या केल्या. साक्षीदारांत भारताकडून अजित डोवाल होते. २०१८मध्ये आणखी दोन आल्या, त्यांत मोनांचा पक्षही होता.

वगळलेल्या तिघांनी मात्र आपसांत आघाडी बांधली. २७ ऑक्टोबर २०२३ला त्यांनी उत्तर शानमध्ये एकाच वेळी हल्ले चढवले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लाशो शहर, तिथल्या लष्करी विभागाच्या मुख्यालयासकट, पडलं. सही केलेले करेन तर २०२१च्या लष्करी बंडानंतरच पुन्हा लढाईत उतरले होते.