मंचरचा समुद्र पूर्वेला

मंचरहून नाकासमोर पश्चिमेला गेलं तर अरबी समुद्र सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत लागतो. सहली निघतात त्याही अलिबाग-मुरुडला. त्यामुळे समुद्र म्हणजे कोकण, हे आंबेगाव-जुन्नरच्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पाण्याचा हिशेब मात्र उलटा आहे. सह्याद्रीच्या धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस घोड नदीत येतो, डिंभे धरणात थांबतो, घोडेगाव, कळंब, शिरूर करत भीमेला मिळतो. पुढे उजनी, पंढरपूर, मग कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेशी संगम, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि अखेर आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालचा उपसागर. आपल्या ओढ्याचा समुद्र तो आहे.

आता एका कासविणीची गोष्ट. 18 मार्च 2021 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला शास्त्रज्ञांनी धातूचा बिल्ला लावला. नंबर 03233. तीच मादी 27 जानेवारी 2025 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. मधलं अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. त्याआधी 2023 मध्ये गुहागरला उपग्रह-यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ नावाची मादी उलट्या दिशेने, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, असं आजवर धरून चाललं होतं. या दोघींनी ते खोडून काढलं. म्हणजे घोडेचं पाणी ज्या समुद्राला मिळतं आणि आपण ज्या समुद्रावर सहलीला जातो, त्या दोन्हींत फिरणारे प्राणी तेच असू शकतात.

या प्राण्यांचं प्लास्टिकने नेमकं काय होतं? ‘कासव पिशवीला जेलीफिश समजून खातं’ एवढं शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण डोळ्यांची फसगत ही अर्धीच गोष्ट. पाण्यात काही दिवस तरंगलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो आणि त्याला वास येऊ लागतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॉगरहेड जातीच्या कासवांना असा वास हवेतून दिला, तर खऱ्या अन्नाचा वास आल्यावर ती जशी नाक वर काढून हुंगत राहतात तशीच वागली. कोऱ्या प्लास्टिककडे त्यांनी तसं लक्ष दिलं नाही. म्हणजे समुद्रात पडून मुरलेलं प्लास्टिक कोऱ्यापेक्षा जास्त घातक आमिष ठरतं.

गिळल्यावर परतीची वाटही बंद. समुद्री कासवाच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूला, पोटाकडे टोकं वळलेले काटे असतात. तोंडात आलेलं खारं पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून ही सोय. कोट्यवधी वर्षं ती उत्तम चालली. प्लास्टिक आलं आणि तीच सोय सापळा झाली. तुकडा आतड्यात अडकतो, अन्न पुढे सरकत नाही, सडतं, वायू धरतो. मग कासवाला बुडी मारता येत नाही. ते पृष्ठभागावर तरंगत राहतं, उपाशी, आणि बोटींच्या पंख्यांच्या वाटेत.

किती प्लास्टिक पुरतं? ऑस्ट्रेलियात मेलेल्या शेकडो कासवांच्या नोंदी आणि शवविच्छेदनं तपासून 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर काढलं. पोटात एक तुकडा असेल तर त्यामुळे मरण्याची शक्यता 22 टक्के. 14 तुकडे असतील तर 50 टक्के. लहान पिल्लांच्या पोटात प्लास्टिक सापडण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. कारण साधं आहे. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात आणि तरंगणारा कचराही त्याच प्रवाहात असतो. गिळण्याखेरीज गुरफटणं आहेच: तुटकी जाळी, दोर, गोण्यांचे सुटलेले नायलॉनसारखे धागे. पायाला आवळलेला धागा पोहता पोहता मांसात रुततो आणि पाय झडतो. आपल्या किनाऱ्यावर निदान एक चांगली योजना आहे. अडकलेलं कासव किंवा देवमासा सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचं जाळं कापलं, तर 2018 च्या डिसेंबरपासून राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. दंडापेक्षा ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते.

मंचर-नारायणगाव पट्ट्याचा यात वाटा कोणता? टोमॅटो, मिरची, कलिंगड, काकडी. बेडावर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, खाली ठिबकच्या नळ्या, वर तार-बांबूला बांधायला प्लास्टिकची सुतळी. ठिबकच्या जुन्या नळ्यांना भंगारात भाव मिळतो. मातीने माखलेल्या पेपरला कुणी विचारत नाही. तो बांधावर पेटतो, ओढ्याच्या काठाला पडतो, नाहीतर रोटाव्हेटरखाली चिंध्या होऊन रानातच मिसळतो. हा पेपर म्हणजे पॉलिथीन, पाण्यापेक्षा हलकं. ऊन खाऊन ठिसूळ झालेले तुकडे पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2021 मध्ये जगभरच्या शेतीतल्या प्लास्टिकचा अंदाज दिला: वर्षाला सव्वा कोटी टन.

इथे थोडं थांबायला हवं, कारण अशा लेखांत शेतकऱ्याला लगेच आरोपी करायची घाई असते. घोडेत पडलेला प्रत्येक तुकडा बंगालच्या उपसागरात पोचत नाही. वाटेत धरणांची रांग आहे. मोठे तुकडे गाळात बसतात, झुडपांना अडकतात. शिवाय कृष्णेचं पाणी इतकं अडवलं जातं की दुष्काळी वर्षांत विजयवाड्याच्या बंधाऱ्याखाली फारसं काही वाहतच नाही. 2021 मध्ये जगातल्या नद्यांचा जो अभ्यास झाला, त्यात समुद्रात सर्वाधिक प्लास्टिक सोडणाऱ्या नद्या प्रामुख्याने किनाऱ्याजवळच्या शहरांतून वाहणाऱ्या निघाल्या. आपल्याकडची उल्हास त्यात अगदी वरच्या नावांत होती. तेव्हा दोष मोजायचाच तर कल्याण-ठाण्याच्या पदरात मंचरपेक्षा कितीतरी जास्त पडेल.

पण धरणात अडकलं म्हणजे संपलं, असंही नाही. पॉलिथीन कुजत नाही, फक्त बारीक होतं. गाळात बसलेलं आज ना उद्या पुराच्या विसर्गात पुढे ढकललं जातं, आणि तोवर तुकड्यांचे कण झालेले असतात. ते गाळणारं यंत्र नाही. उजनीच्या माशांना, डिंभ्याच्या कालव्यावरच्या जमिनीलाही ते चुकत नाहीत. रानात साठलेल्या चिंध्या मुळांना आणि पाण्याला आडव्या येतात, म्हणजे कासवाच्या आधी नुकसान आपल्याच रानाचं.

चीनने हे आपल्या आधी भोगलं. तिथे अतिपातळ पेपर उचलताना फाटायचा आणि जमिनी भरून गेल्या. शेवटी 2017 च्या नव्या मानकात किमान जाडी 10 मायक्रॉन ठरवावी लागली. आपल्याकडे 25-30 मायक्रॉनचा पेपर सर्रास मिळतो, तो अखंड निघू शकतो. स्वस्तातला पातळ घेऊन एकरी चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही. शेवटचा तोडा झाला की रोटाव्हेटर घालण्याआधी, रान कोरडं असताना पेपर ओढून काढा, माती झटका आणि गुंडाळून ठेवा. आणि मंचर-नारायणगावच्या बाजार समित्यांना एक विनंती: हंगाम संपला की आठवड्यातला एक दिवस हा पेपर वजनावर विकत घ्या. किलोला दोन रुपये मिळाले तरी बांधावरच्या काड्या पेटायच्या थांबतील.