माशांना मानवेल ते पाणी

चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस जेथे कोसळतो, त्या चंदगडात राहून पाण्याची निवड करीत बसावे, हे वाचकांना मोठे गमतीचे वाटेल. पण परसात अ‍ॅक्वापॉनिक्स करायचे ठरले, आणि ही निवड मला करावीच लागली.

अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणजे मासे आणि भाजी यांचा एकत्र संसार. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. खडीवर वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे भाजीचे खत. भाजीच्या मुळांतून निवळलेले पाणी पुन्हा माशांच्या टाकीत जाते. माती लागतच नाही.

आमच्याकडे पाणी तीन तऱ्हेचे : पागोळ्यांचे, विहिरीचे आणि नळाचे. शेजारच्या वहिनींनी तर निकालच देऊन टाकला, "अहो काका, आभाळाच्या पाण्याहून शुद्ध ते काय असणार?"

वहिनींचे म्हणणे खरे, पण अडचण त्या शुद्धपणातच आहे. पावसाच्या पाण्यात चुन्याचा अंश जवळजवळ नसतो. इकडे जंतू अमोनिया पचवू लागले की आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्ची पडते. ती पाण्यात नसली की सामू घसरतो. सहाच्या खाली गेला की जंतूंचे काम मंदावते, अमोनिया साचतो आणि मासे कासावीस होतात.

मग विहीर? आमचा मुलूख जांभ्या दगडाचा. या दगडातून झिरपलेले पाणीही बहुधा मऊ आणि किंचित आंबट, कधी लोहयुक्त. राहता राहिला नळ. त्यातले क्लोरिन रोगजंतू मारते, तसेच आपले उपयोगी जंतूही मारते.

शेवटी मी विहिरीचेच पाणी घेतले. मात्र दोन उपाय करून. पाणी टाकीत भरून एक दिवस खळखळत ठेवले, म्हणजे त्यात प्राणवायू मिसळतो आणि साठलेला कर्बवायू निघून जातो. दुसरे, कोकणातून आणलेले शिंपले कुटून, जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडले. पाणी आंबटले की शिंपला झिजतो. एरवी स्वस्थ पडून राहतो. सामू ६.८ ते ७ च्या आसपास राहिला म्हणजे मासे, जंतू आणि भाजी या तिघांचेही भागते.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. जस्ताच्या पत्र्यावरून आलेले पाणी माशांना घालू नये; आणि तांब्याचा हंडा तर जवळही आणू नये. आपल्याला पवित्र वाटणारे तांबे माशांना विष आहे, आणि मऊ पाण्यात ते अधिकच बाधते.

पुण्यामुंबईच्या वाचकांना नळावाचून गत्यंतर नाही. त्यांनी पाणी रुंद तोंडाच्या टाकीत दोन दिवस हवा सोडून ठेवावे. साधे क्लोरिन उडून जाते. क्लोरामाइन वापरले असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही, म्हणून आधी पाणीपुरवठा खात्याकडे चौकशी करावी. बोअरचे पाणी फार जड असेल तर त्यात पावसाचे मिसळावे. आणि यंदाच्या दिवाळीत मासे आणण्याचा विचार असेल, तर त्यांच्या आधी सामू आणि क्षारता तपासण्याची छोटी पेटी घरी आणावी.